पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा एक वाण कागदावर ‘कोएम ०२६५’ आहे. बांधावर जाऊन विचारा, ‘यंदा काय लावलंय?’ उत्तर येतं, ‘दोनशे पासष्ट.’ झालं बारसं! सरकारी पैशातून झालेलं संशोधन लोकांनी आपलं म्हटलं की नाही, हे ओळखायची माझी खूण हीच. त्याला हाकेचं नाव मिळालं का?

सोलापूरकडची ‘एम ३५-१’ ज्वारी मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात तिथल्याच मालदांडीतून निवडली गेली. दुकानात आजही गिऱ्हाईक ‘मालदांडी आहे का?’ एवढंच विचारतं. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६मध्ये आळंदीच्या डाळिंबातून एक वाण निवडला, त्याचं नाव ‘जीबीजी-१’. या नावानं डाळिंब विकून दाखवा! १९७०मध्ये त्याचा ‘गणेश’ झाला, आणि ‘भगवा’ येईपर्यंत आपल्या बागांवर त्याचंच राज्य होतं.

तमिळनाडूत तर गंमतच. १९६०च्या दशकात तंजावरच्या शेतकऱ्यांना ‘एडीटी-२७’ या भाताची माहिती आकाशवाणीवरून मिळाली. त्यांनी सरळ नाव ठेवलं, रेडिओ भात. पैदास कुणी केली ते राहिलं बाजूला, भाव खाल्ला खोक्यानं.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतली ‘सेंटक्रोमन’ ही संततिनियमनाची गोळी. हार्मोन नसलेली, सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घ्यायची. १९९१मध्ये ती बाजारात आली ‘सहेली’ होऊन. दुकानात चारचौघांत मागता येईल असं नाव! पुढे सरकारी कार्यक्रमात तीच ‘छाया’ झाली.

निवडणुकीची शाई मात्र बिननावाचीच राहिली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं ती तयार केली आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्या बोटांवर आहे. बनते म्हैसूरला, कर्नाटक सरकारच्या कारखान्यात, आणि परदेशांतही जाते. करामत सगळी सिल्व्हर नायट्रेटची. लावताना जांभळट दिसणारी रेघ उजेड लागला की काळी पडते आणि कातडीला अशी धरून बसते की साबण, लिंबू, घासणी सगळे हात टेकतात. नखावरची खूण तर नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच जाते. डाव्या हाताची तर्जनी उंचावून फोटो टाकणारे आपण सगळे एका सरकारी प्रयोगशाळेची फुकट जाहिरात करत असतो. प्रयोगशाळेचं नाव विचारा, दहातले नऊ गप्प.

हळदीची गोष्ट जरा वेगळी, तिथे नाव होतंच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं ते लढून १९९७मध्ये रद्द करून घेतलं. आजीचा अनुभव तिथे चालणार नव्हता, छापील कागद हवा होता. पुराव्यांत १९५३चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. तेव्हा कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून निभावलं.

आणि आंबा. हापूस कापला की कधीकधी मधोमध पांढरट, आंबूस गर निघतो, त्याला कोकणात साका म्हणतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१मध्ये ‘रत्ना’ दिला. त्यात साका नाही. त्याच घरातला पुढचा ‘सिंधू’, त्याची कोय इतकी पातळ की सगळा गरच वाटावा. चवीच्या भांडणात मी पडत नाही. कोकणी माणसासमोर हापूसला पर्याय सुचवण्याची माझी छाती नाही.

हापूसला अमेरिकेला पोचवलं ते मात्र नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावनं. कांदा साठवणीत कोंबाळू नये म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं कांद्याच्या या पेठेत किरणोपचाराचं केंद्र उभारलं. नाव ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. (सरकारी लघुरूप आणि तरी अर्थपूर्ण, असा योग क्वचितच येतो.) आत कोबाल्ट-६०. काम नसलं की ते पाण्याच्या खोल हौदात बुडलेलं असतं. काम निघालं की वर येतं आणि मालाच्या पेट्या त्याच्याभोवती फिरून बाहेर पडतात. किरण आरपार निघून जातात, फळात काही उरत नाही. कोयीत दडून बसलेल्या भुंग्याचा वंश मात्र तिथेच थांबतो, आणि अमेरिकेला भीती होती ती त्या भुंग्याचीच.

२००७च्या एप्रिलमध्ये बंदी उठून पहिल्या पेट्या अमेरिकेत उतरल्या. बदल्यात आपण हार्ले-डेव्हिडसनच्या दणकट मोटारसायकलींना दार उघडलं. कोकणातला आंबा घाट चढून कांद्याच्या गावी जायचा, तिथून त्याला विमानाचं तिकीट मिळायचं.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तो कांदा बहुतेक अजून चाळीतच पडून असतो.