लाव्ह्याला टाकी

घाव एका तालात पडतात. दिघीतून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पोत्यावर उकिडवा बसलेला वडार कारागीर पाट्याला टाकी लावतो आहे. डाव्या हातात टाकी, उजव्यात हातोडी, पापण्यांवर राखाडी भुकटी. वाटून वाटून गुळगुळीत झालेल्या दगडावर दाट ठिपके उमटत जातात. खोबरं-मिरची घसरत नाही ती त्यांच्यामुळे.

नवा पाटा घडवायचा तर तो दगड आधी ठोकून ऐकतो. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज म्हणजे आत चीर. भोकाभोकांचा दगडही बाजूला सारतो. त्याचे कण सुटतात, चटणी कचकचते.

ही पारख ज्या दगडाची, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. भोकं म्हणजे त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे, बहुधा थराच्या माथ्याजवळचे. थराचा मधला भाग सावकाश निवला, म्हणून घट्ट. रिकाम्या भोकांत पुढे खनिजं साठली. वाघोलीच्या खाणींतल्या निळ्याशार कॅव्हन्साइटसाठी परदेशी संग्राहक पैसे मोजतात. पाट्याला नालायक ठरलेला दगड काचेच्या कपाटात मानानं बसतो, हीही गंमतच.

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढे शंकू येतो. तो दिघीच्या टेकडीत शोधू नये. इथला लाव्हा सिलिका कमी असलेला, पातळ. जमिनीच्या भेगांतून आला आणि थरावर थर देत दूरवर पसरला. अँडीजची तऱ्हा वेगळी. तिथे नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो. शिलारस चिकट, त्यात वायू कोंडतो आणि मग स्फोट. लाव्हा आणि राख यांचे थर चढत इक्वेडोरचा कोटोपाक्सी ५,८९७ मीटर उंच झाला. कोलंबियातल्या नेवाडो देल रुइझनं नोव्हेंबर १९८५ मध्ये माथ्यावरचं बर्फ वितळवलं. चिखलाच्या लोंढ्याखाली आर्मेरो गाव गाडलं गेलं, सुमारे २३,००० माणसं दगावली. अँडेसाइट या खडकाला नाव मिळालं ते याच पर्वतरांगेवरून.

एवढा धाक असूनही पेरू-बोलिव्हियातल्या घरांत मिरची वाटायला दगडच लागतो. त्यांच्या पाट्याला ‘बतान’ म्हणतात.

इकडे टाकीचं टोक बोथट झालंय. कारागीर दुसरी टाकी घेतो, उरलेला कोपरा पुरा करतो, पाणी ओतून पाट्यावर तळवा फिरवतो.

“ताई, आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्या. चटणी मग.”