जुन्या ट्रकच्या धुराची परीक्षा

स्टोव्हची ज्योत पिवळी झाली की भांड्याच्या बुडाला काजळी धरते आणि निळी असली की धरत नाही, हे रॉकेलच्या काळात प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक होते. इंधनाला हवा पुरेशी मिळते आहे की नाही, याचा तो सोपा पुरावा होता. मोटारीच्या इंजिनात मात्र ज्योत दिसत नाही. आत काय जळले आणि काय जळायचे राहिले, याचा माग बाहेर पडणाऱ्या धुरातच काढावा लागतो. त्यासाठी वापरला जाणारा 'वाइडबँड' ऑक्सिजन सेन्सर हा बोटाएवढा भाग अमेरिकेत जुने ट्रक हौसेने सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला आहे.

अमेरिकेत 'ट्रक' म्हणजे बहुधा पिकअप. शेवरोलेच्या 1987 ते 1995 या काळातील 5.7 लिटर व्ही-8 इंजिनाच्या पिकअप गाड्या या हौशी मंडळींच्या विशेष आवडीच्या. त्यांत कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी, दोन इंजेक्टरची साधी इंधन यंत्रणा आहे. तिचा संगणक येणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाही. मॅनिफोल्डमधील दाबावरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि एका चिपमध्ये साठवलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो. मालकाने कॅमशाफ्ट बदलला किंवा सायलेन्सरची नळी मोठी केली, तर ही बातमी चिपला कळत नाही. कोष्टक नव्याने लिहावे लागते. ते अंदाजाने लिहिले आणि जड ट्रेलर ओढताना पेट्रोल कमी पडले, तर पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

अशा गाडीत कंपनीने बसवलेला ऑक्सिजन सेन्सर असतोच, मग दुसरा कशाला? मूळ सेन्सर झिर्कोनियाचा. धुरातील आणि बाहेरील हवेतील प्राणवायूच्या फरकावर त्यात विद्युतदाब निर्माण होतो. हे तंत्र बॉशने विकसित केले आणि 1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांतून ते रस्त्यावर आले. परंतु त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे 0.9 व्होल्ट, कमी असेल तर 0.1 व्होल्ट आणि बरोबर प्रमाणापाशी एकदम उडी. संथ वेगाने जाताना संगणकाला तेवढे पुरते. पूर्ण ताकद मागताना मिश्रण 12.5 ते 13 भाग हवेला एक भाग पेट्रोल असे गाढ ठेवावे लागते. तेथे हा सेन्सर 'पेट्रोल जास्त आहे' म्हणतो आणि गप्प बसतो. किती जास्त, हे तो सांगू शकत नाही.

वाइडबँड सेन्सर ते सांगतो. त्याच्या टोकाशी एक सूक्ष्म पोकळी असते. तिच्यातील प्राणवायू ठराविक पातळीवर राहावा म्हणून नियंत्रक विजेच्या साहाय्याने प्राणवायू आत किंवा बाहेर ढकलत राहतो आणि या कामाला लागलेला प्रवाह हेच मोजमाप ठरते. हे सारे घडण्यासाठी टोक साडेसातशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेले असावे लागते. म्हणून आत हीटर असतो, आणि वायरिंगच्या कटकटीही येथूनच सुरू होतात.

निवड करताना मुख्यतः बॉशचे दोन प्रकार समोर येतात: एलएसयू 4.2 आणि 4.9. जुना 4.2 तुलनेसाठी बाहेरची हवा घेतो. ती दूषित झाली की माप घसरते, म्हणून सेन्सर अधूनमधून काढून मोकळ्या हवेत जुळवून घ्यावा लागतो. 4.9 ही तुलनेची हवा स्वतःच निर्माण करतो. नव्याने खरेदी करणाऱ्याने 4.9 आणि त्याच्यासाठीच बनवलेला नियंत्रक घ्यावा. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या नियंत्रकाला चालत नाही. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्या विशिष्ट नगासाठी कारखान्यात जुळवलेला रोधक असतो. त्यामुळे वायर लांब करायची म्हणून कनेक्टर तोडणे म्हणजे तराजूचे वजन फेकून देण्यासारखे आहे. स्वस्तातल्या नकली सेन्सरबद्दल वेगळे सांगायला नको.

जागेचे नियम थोडे आहेत, पण कडक. चारही नळ्या एकत्र येतात त्यापुढे साधारण दीड फुटावर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, आणि टोक खाली करून आडव्या रेषेपासून किमान 10 अंश चढा असा सेन्सर बसवावा. थंड नळीत साचलेले पाणी तापलेल्या टोकावर पडले तर ते तडकते. कन्व्हर्टर काढून टाकणे अमेरिकी कायद्यात गुन्हा आहे आणि त्याची गरजही नाही.

वायरिंगमध्ये सर्वाधिक फसगत होते ती अर्थिंगमध्ये. हीटर सुरू होताना एक-दोन अँपिअर ओढतो. तोच परतीचा मार्ग मोजमापाच्या संकेतालाही दिला, तर वायरीतला दाब संकेतात मिसळतो. शून्य ते पाच व्होल्ट म्हणजे 10 ते 20 असे माप असलेल्या नियंत्रकात 0.1 व्होल्टची चूक आकड्यात 0.2 चा फरक पाडते, 12.8 चे 13 होतात. तीस-पस्तीस वर्षांच्या ट्रकमध्ये इंजिन, बॉडी आणि चासी यांना जोडणाऱ्या पट्ट्या गंजलेल्या असतात, तेव्हा फरक याहून मोठा होतो. म्हणून हीटरची अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकवर भक्कम जागी द्यावी, आणि संकेताची अर्थिंग नोंद घेणाऱ्या संगणकाच्या अर्थिंगपाशी, स्वतंत्र वायरीने. हीटर चालू असताना या दोन बिंदूंमध्ये मल्टिमीटर लावला की दोष लगेच उघडा पडतो. ज्या नियंत्रकातून अंकीय स्वरूपात माहिती मिळते, तेथे हा प्रश्नच उरत नाही. वीजपुरवठा मात्र फ्यूजमधून आणि इग्निशनच्या किल्लीसोबत चालू-बंद होणारा हवा.

एवढे करूनही आकडा फसवू शकतो, कारण सेन्सर पेट्रोल मोजत नाही, प्राणवायू मोजतो. एखादा प्लग पेटला नाही आणि इंजिन 'मिसिंग' करू लागले, तर न जळलेला प्राणवायू तसाच बाहेर येतो. सेन्सर 'पेट्रोल कमी' दाखवतो. मालक पेट्रोल वाढवतो, प्लग काळा पडतो, मिसिंग वाढते आणि आकडा आणखी विरळ होतो. सेन्सरच्या आधीच्या सांध्यातून हवा शिरली तरी तोच प्रकार. मोठा कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात आयडलिंगला ताजी हवा थेट धुरात निसटते. तेथील आकड्यावर विसंबू नये. व्ही-8 च्या एका बाजूला लावलेल्या सेन्सरला दुसऱ्या बाजूचे काहीच कळत नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून विचित्र आकडा दिसला की आधी प्लग, सांधे आणि अर्थिंग तपासावी. चिपला हात नंतर.

14.7 या प्रसिद्ध आकड्याचेही तसेच. तो शुद्ध पेट्रोलचा. 10 टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला बरोबर प्रमाण सुमारे 14.1 पडते. सेन्सरला हा फरक कळत नाही. तो 'लॅम्डा' मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष हवा गरजेच्या हवेच्या किती पट आहे ते. मीटर लॅम्डावर ठेवला तर 1 म्हणजे कोणत्याही पेट्रोलसाठी बरोबर.

ट्यूनिंग संपल्यावर बरेच जण नियंत्रकाची वायर काढतात आणि सेन्सर नळीतच राहू देतात. हीटर बंद असलेल्या सेन्सरवर काजळी चढते आणि काही दिवसांत तो निकामी होतो. वापर नसेल तेव्हा सेन्सर काढून त्या भोकात आट्यांचे बूच बसवावे. शिसेयुक्त इंधन आणि साध्या सिलिकॉन सीलंटची वाफ हे त्याचे आणखी दोन शत्रू. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल 1996 पासून बंद आहे, पण काही रेसिंग इंधनांत शिसे असते. ते भरण्याआधी डबीवरची माहिती वाचलेली बरी.