कार्यक्रम पकडणारा घरचा संगणक

१९९९ साली अमेरिकेत टिव्हो नावाचा रेकॉर्डर बाजारात आला आणि टीव्हीवरचा कार्यक्रम कॅसेटऐवजी हार्ड डिस्कवर साठू लागला. पण त्याच्या सेवेसाठी वर्गणी भरावी लागे आणि त्यात काय करता येईल हे कंपनी ठरवी. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रामरने लिनक्सवर चालणारा मिथटीव्ही हा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतला. जुना संगणक, मोठी हार्ड डिस्क आणि एक टीव्ही ट्यूनर कार्ड एवढ्या सामानावर तसाच रेकॉर्डर घरी उभा राहू लागला.

यातली खरी करामत कार्डाची. ब्रुकट्री ८७८ ही चिप असलेली स्वस्त कार्डं केबलमधून आलेलं चित्र नुसतं आकड्यांत उतरवून संगणकाच्या हवाली करत. अमेरिकी टीव्हीचं ७२० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला सुमारे ३० वेळा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २० मेगाबाइट, तासाला ७० गिगाबाइटच्या वर! ते दाबून लहान करण्याचं ओझं प्रोसेसरवर पडे, आणि दुसरं कार्ड लावलं की त्या काळातला प्रोसेसर धापा टाकू लागे. हॉपॉग कंपनीच्या पीव्हीआर-२५० कार्डाने हा प्रश्न मुळातच सोडवला. त्यावरची चिप स्वतःच चित्राचं एमपेग-२ करी. सेकंदाला ६ मेगाबिटचा दर धरला तर तासाभराचा कार्यक्रम २.७ गिगाबाइटमध्ये बसे आणि प्रोसेसरला फक्त फाइल लिहायचं काम उरे. पुढे पीव्हीआर-५०० मध्ये एकाच कार्डावर दोन ट्यूनर आले.

कार्ड स्लॉटमध्ये बसवणं सोपं, पुढचं चिकाटीचं. एमपेग-२ करणाऱ्या या चिपला दर वेळी चालू होताना फर्मवेअर भरवावं लागतं. ते योग्य जागी नसेल तर कार्ड दिसतं पण चालत नाही. या कार्डांसाठीचा आयव्हीटीव्ही ड्रायव्हर २००७ पर्यंत लिनक्सच्या गाभ्याबाहेर (कर्नलबाहेर) होता, त्यामुळे नवा गाभा घातला की तो पुन्हा जुळवत बसावं लागे. दोन वेगवेगळी कार्डं असतील तर संगणक त्यांना व्हिडिओ-० आणि व्हिडिओ-१ अशी नावं देतो, पण हा क्रम पुढच्या वेळी तसाच राहील याची हमी नसते. नावं पक्की बांधून घेतली नाहीत तर रेकॉर्डर भलत्याच कार्डाकडे चित्र मागतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे स्प्लिटर. केबल दोन वाटांनी फोडली की प्रत्येक वाटेला निम्म्याहूनही कमी शक्ती मिळते. चार वाटा केल्या तर साधारण पाचवा हिस्सा. पडद्यावर मुंग्या आल्या की दोष कार्डाला देण्याआधी ही वायर पाहावी.

डिजिटल प्रसारण आलं तेव्हा उलटंच घडलं. अमेरिकेच्या एटीएससी पद्धतीत चित्र स्टुडिओकडूनच दाबून येतं, ६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १९.३९ मेगाबिट. त्यामुळे हायडेफिनिशन पकडणाऱ्या कार्डाला चित्र दाबायचं कामच उरलं नाही. आलेला प्रवाह उचलायचा आणि डिस्कवर ओतायचा. एका पट्ट्यात दोन-तीन वाहिन्या असल्या तर एकाच ट्यूनरवर त्या सगळ्या एकदम साठवता येतात, हे मला या सगळ्यातलं सर्वांत थक्क करणारं वाटतं.

हे सोपेपण सर्वांना रुचलं नाही. १ जुलै २००५ नंतर बनणाऱ्या उपकरणांनी प्रसारणातली 'नक्कल रोखा' ही खूण पाळलीच पाहिजे, असा नियम अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने केला होता. लिनक्ससाठीच बनवलेलं पीसीएचडीटीव्ही कार्ड त्या तारखेआधी घेऊन ठेवा, असा प्रचार डिजिटल हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था करत होती. मुदत यायच्या आतच, मे २००५ मध्ये, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रसारण थांबलं. अँटेनावर चालणाऱ्या पीव्हीआर-२५० चा ट्यूनर त्या दिवशी जवळपास निरुपयोगी झाला. पण मागचं व्हिडिओ इनपुट शाबूत होतं, आणि त्याला व्हीसीआर जोडून जुन्या व्हीएचएस कॅसेट उतरवून घेता येत होत्या.