लिनक्स शिकायचंय, पण सुरुवात कोणत्या डिस्ट्रोने करायची?

घरातला जुना लॅपटॉप चालू आहे, पण त्यावर विंडोज ११ टाकता येत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा लॅपटॉप लिनक्स शिकायला उत्तम. पण इंटरनेटवर शोधलं की उबुंटू, मिंट, फेडोरा, काली अशी नावांची रांगच समोर येते. मग निवडायचं काय?

इतकी नावं का?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तयार केला. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. म्हणून वेगवेगळ्या संस्था त्यासोबत आपापले प्रोग्रॅम जोडून तयार संच देतात. या संचाला 'डिस्ट्रो' म्हणतात. सगळ्यांचा गाभा एकच असल्याने एकीवर शिकलेलं बहुतेक दुसरीवरही चालतं. त्यामुळे पहिली निवड चुकेल या भीतीने अडून राहू नका.

नवख्यांसाठी कोणती?

लिनक्स मिंट : खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू. विंडोजची सवय असलेल्यांना लगेच जमते. किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं. जुन्या लॅपटॉपसाठी तिची 'एक्सएफसीई' आवृत्ती हलकी पडते.

उबुंटू : मिंटची मुख्य आवृत्ती हिच्यावरच बेतलेली आहे. वापरणारे भरपूर, त्यामुळे अडचणीचं उत्तर लवकर सापडतं. 'एलटीएस' आवृत्ती घेतली, तर ५ वर्षं अपडेट मिळतात. रॅम मात्र जास्त हवी.

फेडोरा : नव्या गोष्टी लवकर येतात, पण एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात. थोडा हात बसल्यावर घ्या.

आणि रील्समध्ये दिसणारी काली? ती सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी तिने सुरुवात करू नये, असं तिचे निर्मातेच सांगतात.

इथे चुकलात तर फोटो जातील!

आधी डिस्ट्रो पेन ड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघा. पेन ड्राइव्ह रिकामा घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. लाइव्हमध्ये वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासा. इन्स्टॉल करेपर्यंत तुमचं विंडोज जसंच्या तसं राहतं.

इन्स्टॉल करताना मात्र 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला, तर त्या डिस्कवरचं विंडोज, फोटो, कागदपत्रं सगळं जातं. म्हणून आधी सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, ती उघडून बघा आणि मगच पुढे जा.

थोडक्यात, ठरत नसेल तर मिंट घ्या. दर आठवड्याला डिस्ट्रो बदलण्यापेक्षा दोन-तीन महिने एकच वापरा. रोजची कामं त्यावर केली, तरच लिनक्स अंगवळणी पडेल.