बीएस्सी? मग पुढे काय, बॉस?

लग्न असो नाहीतर बारसं, सीन ठरलेला. मुलगा ‘इंजिनिअरिंगला आहे’ म्हणाला की समस्त काकामंडळींचे चेहरे खुलतात. ‘बीएस्सी फिजिक्स’ म्हणाला की दोन सेकंद शांतता आणि मग तो हमखास प्रश्न, ‘अच्छा... मग पुढे काय?’

माझ्या मावसभावाला तर हा प्रश्न आता पाठ झालाय. एस.वाय.ला आहे आणि त्याला जायचंय चिप डिझाइनमध्ये. मी मासकॉमवाली, त्याचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं. पण खोदून विचारायची सवय ना! विचारत गेले आणि कळलं की काकांचा प्रश्नच चुकतोय.

कारण या फील्डचा पाया बीएस्सीच्याच पुस्तकांत आहे. मोबाइलचा अँटेना मॅक्सवेलच्या समीकरणांवर चालतो. सिग्नल प्रोसेसिंग म्हणजे फुरिए, चिप म्हणजे सेमीकंडक्टर फिजिक्स, मशीन लर्निंग म्हणजे मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी.

उदाहरण हवंय? पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. ती उभारणारे गोविंद स्वरूप १९५० साली अलाहाबाद विद्यापीठातून फिजिक्समध्ये एमएस्सी झाले होते. भरीव पत्र्याऐवजी त्यांनी पोलादी दोरांवर ताणलेली तारांची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. फिजिक्सवाल्याने केलेलं अस्सल इंजिनिअरिंग!

मग घोडं अडतं कुठे? तर सवयीत. एक किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. या फिल्टरची कटऑफ फ्रिक्वेन्सी पेपरात १५९ हर्ट्झ येते, मार्क मिळाले, विषय संपला. पण बाजारातल्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असतो, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. साधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तर वीस टक्के. म्हणजे खरं उत्तर साधारण १२६ ते २०९ हर्ट्झमध्ये कुठेही! या फरकासकट सर्किट चालवून दाखवणारा तो इंजिनिअर. आणि इंटरव्ह्यूत नेमकं हेच विचारतात.

ही सवय डिग्रीच्या तीन वर्षांतच लावून घेता येते. पायथन आणि सी शिका. एलटीस्पाइस फुकट मिळतं, सर्किट आधी त्यात चालवा, मग ब्रेडबोर्डवर जोडा आणि दोन्हींत फरक का पडला ते वहीत लिहा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स मोफत आहेत. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स, एवढ्या दोन कोर्सेसनी सुरुवात पुरे.

कागदोपत्री रस्तेही आहेत. बारावीला गणित असेल आणि बीएस्सीला किमान मार्क असतील, तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मात्र पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स सोबत काढावे लागतात. दुसरा रस्ता एमएस्सीचा, आयआयटीसाठी ‘जॅम’ देऊन. त्यानंतर ‘गेट’मार्फत एमटेक. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर बहुतेक एमटेकची दारं उघडत नाहीत, हे एफ.वाय.लाच कळलेलं बरं. नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय फी भरायची नाही!

आता तुमच्याकडे वळते. हो, एसीत बसून कॉफी पिणाऱ्या तुमच्याकडेच. या मुलांना घरी सांगणारं कुणी नसतं आणि कॉलेजात कॅम्पसला आलेल्या कंपन्यांची पहिलीच अट बऱ्याचदा ‘फक्त बीई, बीटेक’. त्या चाळणीत हुशार पोरं गळतात, मग मिळेल ती नोकरी धरतात आणि फुरिए रद्दीत जातो. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एका रविवारी तासभर द्या. त्याचा रेझ्युमे बघा, त्याने बनवलेलं सर्किट किंवा प्रोग्रॅम समोर ठेवून उलटसुलट प्रश्न विचारा, आणि तुमच्या टीममध्ये इंटर्न घेतात का, तेही विचारून बघा. ‘पुढे काय’ विचारायला काकामंडळी आहेतच. ‘काय बनवलंस, दाखव’ म्हणणारं कुणीतरी हवंय.