सात तारांची बैठक

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी अवकाशात गेली. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तिच्यावर आहे, हे आपल्याकडच्या गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. त्या भैरवीच्या लगेच आधी काय वाजतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तिथे वाजतं गुचिन हे चिनी वाद्य. वादक ग्वान फिंगहू, रचना ‘ल्यू श्वेई’ म्हणजे वाहतं पाणी, वेळ ७ मिनिटं ३७ सेकंद. तबकडीवरचा हा सर्वांत दीर्घ संगीताचा तुकडा आहे. चीनचं एकच काही पाठवायचं तर काय पाठवावं, असं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले संगीतकार चौ वेन-चुंग यांना विचारलं गेलं आणि त्यांनी हीच रचना सुचवली. ग्वान यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या देशात या वाद्याची मैफल जवळजवळ बंद पडली होती.

इतक्या दूर पाठवलेलं हे वाद्य खरं तर खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंतही नीट पोचत नाही. त्याचा आवाज लहान, आणि तो मुद्दाम लहान ठेवलेला. ते घडलं चार-सहा जाणत्या माणसांच्या बैठकीसाठी, आणि टिकलंही त्या बैठकीमुळेच. चिनी रसिक या बैठकीला ‘याजी’ म्हणतात. चहा होतो, एकजण वाजवतो, मग बोलणं सुरू होतं: ही रचना कुठल्या पोथीतली, कुणी बसवली, इथे बोट असं का सरकवलं, या वाद्याच्या पाठीवर कुणाचा लेख कोरलाय. आपल्याकडच्या खासगी बैठकीत जाणकार जसा एखाद्या जागेवर थांबून बुवांना प्रश्न विचारतो, तसंच. फरक एवढाच की याजीत ऐकणाराही बहुधा वादक असतो आणि थोड्या वेळाने वाद्य त्याच्यापुढे येतं.

आधी वाद्य जवळून पाहू. सुमारे सव्वाशे सेंटिमीटर लांब, वीतभर रुंद, वरून किंचित फुगीर अशी पेटी, तिच्यावर सात तारा. पडदे नाहीत, तारांखाली सरकत्या घोड्या नाहीत. कडेने शिंपल्याचे १३ ठिपके जडवलेले. वरची फळी पाउलोनियासारख्या हलक्या लाकडाची, खालची कटाल्पाच्या कठीण लाकडाची. दोन्ही आतून कोरून एकमेकींवर बसवतात. त्यावर लॅकरच्या झाडाचा चीक हरणाच्या शिंगाच्या भुकटीत कालवून थरावर थर चढवतात. प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा. बोट सतत याच पृष्ठभागावर घासत जाणार असल्यामुळे इथे घाई केली तर वाद्य कायमचं बिघडतं. शंभर वर्षं उलटली की या लेपाला बारीक तडे जाऊ लागतात. त्यांनाही नावं आहेत: आलुबुखाराचं फूल, सापाचं पोट, बैलाचे केस. जाणकार तड्यांवरून वय ताडतात, आणि नकली तडे पाडणारेही शतकानुशतकं आहेतच. तळाशी दोन भोकं असतात, एक ‘ड्रॅगनचं तळं’ आणि दुसरं ‘फीनिक्सचं डबकं’. तारा ज्या दोन खुंट्यांना गुंडाळतात ते ‘हंसाचे पाय’.

पाठीवर मालकांचे लेख असतात. कुणी वाद्याचं नाव कोरलेलं, कुणी दोन ओळी, कुणी फक्त शिक्का. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात थांग राजवटीतलं ‘ज्यूश्याओ ह्वानपेई’ नावाचं वाद्य आहे, बाराशे वर्षांहून जुनं, आणि त्याची पाठ म्हणजे ते कुणाकुणाच्या हातातून गेलं याची नोंदवहीच आहे. २०१० साली सोंग सम्राट ह्वेईझोंगशी संबंध सांगितला जाणारं एक वाद्य बीजिंगच्या लिलावात १३ कोटी युआनहून जास्त किमतीला गेलं. त्या आकड्याने वाद्याचा मान वाढला असेल. पण तिजोरीत पडलेल्या गुचिनचा लेप आणि लाकूड दोन्ही मुकी होत जातात, म्हणून मला त्या बातमीचा आनंद झाला नाही.

आवाज तीन तऱ्हांचा. मोकळी तार छेडली की खोल, घंटेसारखा घुमणारा स्वर येतो. ठिपक्यापाशी डाव्या बोटाचा नुसता स्पर्श करून छेडली तर काचेसारखा स्वच्छ, तरंगणारा स्वर. आणि तार दाबून, बोट लाकडावरून सरकवत नेलं तर मींड. या तिसऱ्या स्वरातच गुचिनचा जीव आहे. डाव्या अंगठ्याचं नख आणि मांस जिथे मिळतात त्या कडेने तार दाबतात. एकदा छेडलं की अंगठा चढतो, उतरतो, जागच्या जागी थरथरतो, पुन्हा चढतो. स्वर क्षीण होत जातो तरी बोट चालूच राहतं. शेवटी स्वर ऐकू येत नाही, फक्त रेशमी तारेवर कातडी घासल्याचा सूक्ष्म आवाज उरतो. ध्वनिमुद्रणात तो खरखर म्हणून काढून टाकण्याचा मोह काहींना होतो. तो काढू नये. हाताची सगळी हालचाल त्या आवाजात ऐकू येते. ज्यांनी केसरबाईंच्या गाण्यात दमसास आणि स्वराची सलगता ऐकली आहे, त्यांना ग्वान यांचं ‘ल्यू श्वेई’ परकं वाटणार नाही.

त्या रचनेमागची गोष्ट चीनमध्ये लहान मुलांनाही माहीत असते. बोया वाजवायचा आणि झोंग झिची ऐकायचा. बोयाच्या मनात पर्वत असला की झिची पर्वत ओळखायचा, पाणी असलं की पाणी. झिची गेला तेव्हा बोयाने वाद्य फोडलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. वूहान शहरातल्या हानयांग भागात या दोघांच्या नावाने बांधलेला चौथरा आजही आहे. इतर परंपरांत दंतकथा थोर वादकाची असते. इथे जाणत्या श्रोत्याला वादकाच्या बरोबरीचं स्थान आहे. शी कांग या कवीला इसवी सन २६२च्या सुमारास मृत्युदंड झाला. वधस्थळी त्याने गुचिन मागवून ‘ग्वांगलिंग सान’ वाजवली आणि आता ही रचना संपली म्हणाला, असं इतिहास सांगतो. ती रचना पोथ्यांत पुढे सापडते, आणि विसाव्या शतकात ग्वान यांनीच ती पुन्हा बसवली.

‘बसवली’ म्हणजे काय केलं, हे कळल्याशिवाय बैठकीचं महत्त्व कळणार नाही. गुचिनची लिपी स्वरांची नाही, बोटांची आहे. चिनी अक्षरासारखं दिसणारं एक चिन्ह घ्या. वरच्या अर्ध्यात डाव्या हाताचं बोट आणि ठिपक्याचा क्रमांक, खालच्या अर्ध्यात उजव्या हाताचा आघात आणि तारेचा क्रमांक. म्हणजे एका चौकोनात एवढी सूचना भरलेली: डावा अंगठा नवव्या ठिपक्यापाशी, चौथी तार, उजव्या मधल्या बोटाने आत ओढा. पुढच्या चौकोनात पुढची सूचना. ‘ऑर्किड’वरची ‘यूलान’ ही सर्वांत जुनी उपलब्ध रचना तर सलग गद्यात लिहिलेली आहे. तिची सातव्या शतकातली प्रत जपानमध्ये राहिली आणि आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १४२५ साली मिंग राजपुत्र झू छुआन याने ‘शन्छी मिफू’ हा संग्रह छापला, तोवर ही चिन्हांची लिपी चांगली रुळली होती. या साऱ्यात स्वर कुठे आहे ते अचूक सांगितलेलं असतं. तो किती वेळ धरायचा हे मात्र कुठेच नाही. लय नाही, मात्रा नाही. ती गुरूच्या हातावरून घ्यायची, आणि गुरुपरंपरा तुटली असेल तर पोथी समोर ठेवून स्वतः शोधायची. एकेका रचनेला महिने लागतात, मोठ्या रचनेला वर्षं.

शांघायचे याओ बिंगयान यांनी ‘ज्यूक्वांग’ ही दारूच्या धुंदीची रचना ‘शन्छी मिफू’तून बसवायला घेतली. चिन्हं वाजवून वाजवून त्यांना ती तीन मात्रांच्या वजनात हलताना जाणवली. चिनी संगीतात तीनचं वजन दुर्मीळ, त्यामुळे वाद होणारच. पण त्यांनी वाजवलेलं ऐकलं की झोक जाणाऱ्या पावलांना दुसरं वजन शोभलं नसतं असंच वाटतं. आणि पोथीतच शेवटाकडे एका जागी सूचना लिहिलेली आहे की हा अमर पुरुषाच्या तोंडून दारू बाहेर पडल्याचा आवाज. कागदावर एवढं लिहून ठेवणाऱ्यांनी लय लिहिली नाही. ती बैठकीवर सोडली.

याओ ज्या मंडळात वावरले त्याची गोष्ट सांगायलाच हवी. १९३६ साली सूझौ आणि शांघायच्या वादकांनी ‘जिन्यू’ मंडळ स्थापन केलं. सोळाव्या-सतराव्या शतकात चांगशू गावच्या यान छंग याने जी यूशान परंपरा उभी केली, तिचा वारसा पुढे नेणं हा हेतू. झा फूशी, झांग त्झूछियेन आणि फंग झिछिंग हे आधारस्तंभ. पोटापाण्याचे उद्योग वेगळे होते. झा तर विमान कंपनीत काम करत. रसिकांनी तिघांना त्यांच्या रचनांवरून नावं दिली: झा ‘श्याओश्यांग’, झांग ‘लोंगश्यांग’, फंग ‘यूग’. एका माणसाने एका रचनेत इतकं मुरावं की तीच त्याची ओळख व्हावी, याहून मोठी पदवी मला माहीत नाही. मंडळ दर महिन्याला जमायचं. १९३७ साली त्यांनी स्वतःचं नियतकालिक छापलं, त्यात देशभरातल्या वादकांची माहितीही होती. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. तरीही झांग यांनी बैठकींची रोजनिशी लिहीत ठेवली: कोण आलं, काय वाजलं, कसं वाजलं. त्या काळच्या वादनाचा इतका जवळचा पुरावा दुसरा नाही.

१९५६ साली झा फूशी, शू ज्यान आणि ग्वान यांच्या शिष्या वांग दी असे तिघे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गावोगाव हिंडले. ८०हून अधिक वादकांचं वादन त्यांनी टिपलं. त्यात म्हातारे शिक्षक होते, वैद्य होते, भिक्षू होते. दहा वर्षांत सांस्कृतिक क्रांती आली, गुचिन सरंजामी ठरलं, वाद्यं फोडली गेली, पोथ्या जळल्या. त्या टेपा नसत्या तर आज कितीतरी घराण्यांचा हात कसा होता हे सांगायला काहीच उरलं नसतं. त्याच सुमारास रेशमी तारा जाऊन नायलॉन गुंडाळलेल्या पोलादी तारा आल्या. त्या तुटत नाहीत, मोठ्या वाजतात. पण तारेवरच्या कातडीचा तो आवाज त्यांत बदलतो. आता पुन्हा काही कारागीर रेशमाकडे वळले आहेत, हे फार चांगलं झालं.

‘जिन्यू’ १९८०मध्ये पुन्हा सुरू झालं. २००३ साली युनेस्कोने गुचिनला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. तेव्हाच्या नोंदीनुसार उत्तम शिकलेले वादक हजाराच्या आत आणि थोर गुरू पन्नासपेक्षा जास्त नाहीत. त्यानंतर चित्र झपाट्याने पालटलं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात गुचिन अख्ख्या जगाने ऐकलं, शाळा निघाल्या, कारखाने निघाले. स्टेडियमवर ते ध्वनिवर्धकातूनच ऐकू येणार, आणि त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. त्यातून हजारो मुलं वाद्यापाशी आली. पण शिकायचं ते खोलीतच.

परदेशातल्या मंडळांनी हेच ओळखलं. २००३ साली वादक छंग यू यांनी लंडनमध्ये यूलान चिन सोसायटी सुरू केली. जपानमध्ये राहिलेल्या त्या रचनेचंच नाव तिला दिलं. तिथेही याजी भरते: कधी पोथ्यांवर भाषण, कधी तारांवर, कधी सुलेखनावर, आणि मग वादन. नुकताच शिकू लागलेला लंडनवासी आणि तीस वर्षं वाजवणारा चिनी वादक एकाच खोलीत, एकच वाद्य आळीपाळीने घेतात. भाषण आणि वादन वेगळं काढताच येत नाही, कारण कुठली पोथी आणि कुणाची बसवणूक हे सांगितल्याशिवाय आपण काय ऐकलं हेच श्रोत्याला कळत नाही.

आणि काम भरपूर पडलेलं आहे. झा फूशींनी सुरू केलेला जुन्या पोथ्यांचा महासंग्रह २०१०मध्ये ३० खंडांत पुरा झाला. त्यात सहाशेहून अधिक रचना आहेत, आणि एकेकीचे पाठभेद धरले तर तीन हजारांवर. आज बैठकींत वाजतात त्या साधारण शंभर. बाकीच्यांची बोटं लिहिलेली आहेत, ठिपके लिहिलेले आहेत, तारा लिहिलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांची लय अजून कुणी शोधलेली नाही.