मोगरा का फुलत नाही?

मोगरा कुणाला ठाऊक नाही? चैत्राचे ऊन तापू लागले, की संध्याकाळी अंगणात त्याचा वास दरवळतो. पोरीबाळी वेणीत कळ्या माळतात. कुणी फुले देवाला वाहतात. कुणी पाण्याच्या माठात दोन फुले टाकतात. फिलिपाइन्स नावाचा दूरचा देश आहे. त्या देशाने १९३४ साली मोगरा हेच आपले राष्ट्रफूल ठरवले. आपल्या दारात तो नुसता तुळशीशेजारी उभा असतो.

पण याच मोगऱ्याच्या तक्रारीही आमच्याकडे पुष्कळ येतात. "गुरुजी, झाड हिरवंगार आहे, पण फूल म्हणून नाही." "गुरुजी, पानं पिवळी पडली." "गुरुजी, कळ्या लागतात आणि गळून जातात." मग आवाज खाली येतो आणि पुढचे वाक्य निघते, "कुणाची तरी सावली पडली असंल."

ही सावलीची गोष्ट आधी बोलू. पुष्कळ घरांत अशी समजूत आहे, की पाळी आलेल्या बाईने फुलझाडाला हात लावला किंवा तिची सावली पडली, तर झाड सुकते. एका घरी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. मोगरा सुकत चालला होता. सासू रोज सुनेला बोल लावी. सून बिचारी त्या बाजूला जाईनाशी झाली. आम्ही कुदळ मागितली आणि बुंध्याजवळची माती उकरली. खाली नुसता काळा चिखल. त्याला कुजका वास. मुळ्या काळ्या पडलेल्या. चिमटीत धरल्या तर साल हातात येई. न्हाणीच्या मोरीचे पाणी बारा महिने त्याच आळ्यात जात होते!

झाडाच्या मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. माती सतत ओली राहिली, की तिच्यात हवा उरत नाही. मुळे गुदमरतात आणि कुजतात. मुळेच गेली, तर पाणी वर कोण पोहोचवणार? म्हणून चिखलात उभे असलेले झाडही वाळते. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ खुशाल वाढते. मोगऱ्याला ते सोसत नाही. त्या घरी मोरी वळवली. मेलेल्या फांद्या कापल्या. बुंध्याशी मातीची भर घालून उंचवटा केला. पुढच्या उन्हाळ्यात झाडाने धुमारे फोडले. सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. पण सुनेला बोलणेही बंद झाले.

तेव्हा झाड आजारी दिसले, तर आधी माती पाहा. दोन बोटे मातीत खुपसा. बोटांना ओल लागली, तर पाणी घालू नका. कोरडी लागली, तर घाला. काळ्या जमिनीत पाणी साचते. म्हणून खड्डा खणताना तो हातभर खोल व हातभर रुंद घ्यावा आणि मातीत चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. जागा नसेल, तर जुना डबा किंवा फुटकी घागरही चालते. बुडाला भोक मात्र हवेच.

दुसरी गोष्ट उन्हाची. पुष्कळ लोक मोगरा लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत लावतात. तिथे पाने भरपूर येतात, फुले येत नाहीत. मोगऱ्याला दिवसाचे पाच-सहा तास तरी चांगले ऊन हवे. सावली बाधते ती ही, झाडाची आणि भिंतीची. बाईची नव्हे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ऊन आहे, पाणी बेताचे आहे, झाड कमरेइतके वाढले आहे, तरी फूल नाही. अशा झाडाला लोक वांझ म्हणतात आणि उपटायला निघतात. हा शब्द आम्हाला आवडत नाही, झाडाला नाही आणि बाईला तर नाहीच. झाडाचे खरे दुखणे असे, की त्याला कुणी कधी कापलेले नसते.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. जुन्या काडीला येत नाही. जुनी काडी कापली, की तिच्या डोळ्यांतून तीन-चार नवे धुमारे निघतात आणि त्यांच्या टोकांना कळ्या धरतात. बायामाणसांचा जीव कापायला धजत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शेतकरी बोरीची छाटणी करतोच ना? तसेच हे.

कार्तिक सरता सरता पाणी तोडावे. पंधरा-वीस दिवस झाडाला विसावा द्यावा. थोडी पाने गळतील, गळू द्या. मग मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, धारदार कात्रीने किंवा विळ्याने सगळ्या फांद्या जमिनीपासून दीड फुटावर कापाव्यात. वाळलेल्या व आतल्या बाजूला गेलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात. माती हलकी उकरून दोन-तीन दिवस ऊन लागू द्यावे. मग पाटीभर शेणखत घालून पाणी सुरू करावे. झाड उघडेबोडके दिसेल. घाबरू नये. फाल्गुन-चैत्रात कळ्या दिसू लागतात. युरिया मात्र मुठीमुठीने टाकू नका. त्याने पानेच माजतात.

ही वेळ मोगऱ्याची, बरे का. जाई-जुईचा बहर पावसाळ्यात आणि कुंदाचा थंडीत. ऐन बहराच्या तोंडावर कात्री लावली, तर त्या वर्षाची फुले गेली.

पिवळ्या पानांचे दोन प्रकार आहेत. पान सबंध पिवळे पडून गळत असेल, तर बहुधा पाणी जास्त झाले. पण कोवळे पान पिवळे आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसते. कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचा सपाट भरून, हिराकस विरघळवावा आणि संध्याकाळी पानांवर शिंपडावा. महिन्याने पुन्हा करावे. कपड्यावर उडू देऊ नये, डाग जात नाही.

कळ्या जांभळट पडून गळत असतील, तर एखादी उघडून पाहा. आत बारीक अळी असते. अशा कळ्या खाली पडू देऊ नयेत. रोज वेचून जाळाव्यात. अळी पुढे मातीत कोष करते, म्हणून बुंध्याभोवतीची माती वरचेवर हलवावी. पानांच्या पाठीला बारीक जाळे दिसले, तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते. पानांच्या पाठीवर जोराने पाणी मारले, की तो पुष्कळ कमी होतो. उपद्रव फारच असेल, तर निंबोळीचा अर्क करावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी गाळून त्यात साबणाचे थोडे पाणी घालावे आणि संध्याकाळी फवारावे.

कपाशीचे उरलेले औषध मोगऱ्यावर कधीही मारू नका. हे आम्ही हात जोडून सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. ते विष मोगऱ्यावर मारले, तर तीच कळी लेकीच्या केसांत जाते आणि तेच फूल पिण्याच्या माठात पडते.

एक झाड नीट आले, की त्याचीच रोपे करता येतात. मोगऱ्याला आपल्याकडे बहुधा बी धरत नाही, म्हणून दाब कलम करावे. ज्येष्ठ-आषाढात जमिनीलगतची पेन्सिलीएवढी फांदी वाकवावी. एका डोळ्याच्या खाली तिरका काप द्यावा. फांदी तुटू देऊ नये. तो भाग चार बोटे मातीत पुरून वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर ठेवावा. तीन-चार महिन्यांनी, आश्विनाच्या सुमारास, फांदी हलकेच ओढून पाहावी. घट्ट लागली, तर मुळे धरली. मग ती मूळ झाडापासून कापावी, पण लगेच उपटू नये. आठ दिवस तिथेच राहू द्यावी, आणि मग मातीच्या गड्ड्यासकट काढून नव्या जागी लावावी.